सिकलसेलमध्ये 'एएस' निघाली म्हणून सोयरीक मोडायची का?

रानजाई (धागाकर्ती), १९ जून, रात्री ९:४०

आमच्या पूर्व विदर्भात सोयरिकीच्या बोलण्यात शेती, नोकरी, पत्रिका यांच्या जोडीला आता 'सिकलसेलचा रिपोर्ट काढला का' हा प्रश्नही असतो. सिकलसेल म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. आज जागतिक सिकलसेल दिन, त्यामुळे आमच्या केंद्रावर दिवसभर भाषणं आणि बॅनर. भाषणांत जे कुणी बोललं नाही ते इथे लिहिते.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. मुलीचा रिपोर्ट एएस (म्हणजे आजार नाही, फक्त वाहक) आला की मुलाकडून नकार येतो, हे इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. मुलाची तपासणी झालीय का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'आमच्या पोराला काय धाड भरलीय?' सगळा घोळ या एका उत्तरात आहे. ज्यांना यातलं विज्ञान माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं आणि प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बस, एवढंच. पण त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोरे होतात आणि तांबडी पेशी वाकडी, कडक होते. साधी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कायम कमी. शिवाय वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं, सांधे, छाती, पोट, जिथे अडकतील तिथे असं दुखतं की मोठा माणूस लहान पोरासारखा रडतो. पहिले काही महिने बाळाच्या अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, ते त्याला सांभाळतं. सहा महिन्यांच्या आसपास ते ओसरलं की हाता-पायांची बोटं सुजणं, ताप, पिवळे डोळे सुरू होतात.

दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर एसएस, म्हणजे आजार. एकच बदललेली असेल तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला आजार नसतो आणि वय वाढलं म्हणून एएसचा एसएस होत नाही. हे मला रोज सांगावं लागतं. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. 'पहिलं एसएस झालं, आता पुढची तीन चांगली होतील' असा हिशोब नसतो. एक जण एएस आणि दुसरा एए (दोन्ही प्रती न बदललेल्या) असेल तर मात्र दहा मुलं झाली तरी एकही एसएस होणार नाही. त्यातली काही एएस असतील, म्हणजे आई किंवा बापासारखी धडधाकट.

आता नकाराकडे परत या. मुलगा एए असेल तर नकाराला काहीच अर्थ नव्हता, एक चांगली मुलगी उगाच नाकारली. मुलगा एएस असेल तर त्याला ते कळलंच नाही. उद्या तो कधीच तपासणी न केलेली दुसरी मुलगी करेल, तीही एएस असू शकेल. दोन वर्षांनी ते दोघं सुजलेल्या बोटांचं बाळ घेऊन आमच्या दारात. तेव्हाही सासू म्हणणार, सुनेच्या माहेरचं रक्त खराब. एसएस बाळाला एक प्रत बापानं दिल्याशिवाय ते एसएस होऊच शकत नाही, हे तिला कोण सांगणार? मी सांगते. ऐकून घेतात आणि जातात.

आणि ज्या मुलीला दोनदा नकार आला ती तिसऱ्या वेळी रिपोर्ट दाखवत नाही. मी तिला दोष देत नाही.

तुमच्या भागात काय चालतं? मुलांचे रिपोर्ट मागतात का?

कोरडवाहू, १९ जून, रात्री १०:२५

माह्या चुलत बहिणीचं हेच झालं जी. पोट्टी एएस म्हणून जमलेलं तुटलं. आता ते पोट्ट्याकडचे दुसरीकडं पोरगी पाहून राहिले. पोट्ट्याचा रिपोर्ट? अजून नाही. त्याले सुईची भीती वाटते म्हणे.

विषमभुज, १९ जून, रात्री ११:०५

लेख पोचला. थोडं गणित जोडतो. समजा, एखाद्या तालुक्यात शंभरात वीस जण वाहक आहेत. कुणी काही न तपासता लग्नं केली तर दोघंही वाहक असण्याची शक्यता ०.२ गुणिले ०.२, म्हणजे शंभर जोडप्यांत चार. त्या चार जोडप्यांच्या मुलांपैकी पाव मुलं एसएस. म्हणजे एकूण शंभर जन्मांत एक. तो एक टाळायला वाहकानं फक्त दुसऱ्या वाहकाशी लग्न टाळायचं. त्याला अजूनही शंभरातले ऐंशी मोकळे आहेत! आपण मात्र त्या वीसच्या वीस जणांना, खरं तर त्यातल्या दहा मुलींनाच, बाजूला सारतो.

आणखी एक. वाहकांनी वाहकांशी लग्न केलं नाही तर आजारी बाळं जन्मणार नाहीत, पण जनुक कुठेही जात नाही. पुढच्या पिढीतही वाहक असणारच. सरकारी भाषेतल्या 'निर्मूलना'चा अर्थ आजाराची नवी बाळं न होणं एवढाच घ्यायचा. म्हणजे हे काम एका पिढीत संपणारं नाही.

अवकाळी, २० जून, सकाळी ७:५०

एवढं समजावत बसण्यापेक्षा कायदा करा. दोन वाहकांच्या लग्नाची नोंदणीच करायची नाही. दहा वर्षांत विषय संपेल. भावनांचा बाजार पुरे झाला.

धनेश, २० जून, सकाळी ९:१५

अवकाळी, हे प्रयोग जगात होऊन गेलेत. तीन सांगतो.

ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचं गाव आहे. तिथे सिकलसेलचे वाहक भरपूर. सत्तरच्या दशकाआधी गावाची तपासणी झाली, समजावून सांगितलं, लोक आपसूक वाहक-वाहक लग्नं टाळतील अशी अपेक्षा होती. झालं उलट. वाहक असणं हा डाग ठरला, लोक लपवू लागले आणि वाहक-वाहक लग्नांचं प्रमाण घटलंच नाही.

अमेरिकेत १९७२ साली सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच सुमारास काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी तपासणी सक्तीची केली. वाहक कोण आणि रुग्ण कोण यातला फरक कायदे करणाऱ्यांनाच नीट कळला नव्हता. धडधाकट वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले. त्यांच्या हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता.

तिसरं सायप्रस. तिथे थॅलेसेमियाचा (हाही हिमोग्लोबिनचाच, आईबापाकडून येणारा आजार) प्रश्न होता आणि लग्नाआधी तपासणीचा दाखला चर्चच मागायचं. दाखला मागायचं, लग्नाला मनाई करायचं नाही. ज्यांचा दोघांचाही रिपोर्ट वाहक आला त्यातल्या बहुतेकांनी लग्नं केलीच. फक्त गरोदरपणात गर्भाची तपासणी करून घेतली. आजारी बाळांचे जन्म जवळजवळ थांबले. म्हणजे यश कुठे आलं, जिथे माहिती आणि पुढची सोय दोन्ही होती, तिथे. तुमच्या कायद्यानं फक्त ऑर्कोमेनोस होईल. नोंदणी न करता देवळात लग्न लागेल आणि बाळ मात्र आपल्या वेळेवर येईल.

अवकाळी, २० जून, सकाळी ९:४०

सायप्रसला दवाखाने होते. आपल्या गडचिरोलीतल्या भामरागडला काय आहे?

धनेश, २० जून, सकाळी ९:५२

हा प्रश्न योग्य आहे. कायद्यापेक्षा त्याच्यावर भांडू.

पळसपान, २० जून, सकाळी ११:३०

पण मुळात हा आजार आपल्याकडेच, गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट इथेच एवढा का? कोकणात माझ्या माहेरी कुणी नाव ऐकलेलं नाही.

विषमभुज, २० जून, दुपारी १२:१०

हिवतापामुळे. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली कल्पना मांडली की रक्ताचे असे आजार जिथे हिवताप होता तिथेच टिकून राहिले असावेत. ते थॅलेसेमियाबद्दल बोलत होते. सिकलसेलबाबत १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत ते दाखवून दिलं: वाहक मुलांना हिवतापाचा जीवघेणा झटका कमी बसतो. म्हणजे एएस असणं हा रानात राहणाऱ्यांचा फायदा होता. एसएस ही त्याची किंमत, आणि ती दुसऱ्याच मुलाला मोजावी लागते. गडचिरोली आजही हिवतापासाठी ओळखला जातो, हा योगायोग नाही. अवांतर: हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

आपल्या देशात हे जनुक १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडलं. नागपूर भागातली नोंद १९५८ ची आहे.

रानजाई, २० जून, दुपारी १:००

विषमभुज, धन्यवाद. एक पुरवणी. 'हा आदिवासींचा आजार' असं म्हणून बाकीचे मोकळे होतात. आमच्याकडे विदर्भात अनुसूचित जातींत आहे, इतर मागासवर्गीयांतही आहे. आंतरजातीय लग्न केलं म्हणून तपासणी चुकत नाही.

निळी_शाई, २० जून, रात्री १०:१५

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते. मी स्वतः एसएस आहे.

सगळे होणाऱ्या बाळाबद्दल बोलताय, झालेल्या माणसांबद्दलही थोडं बोलू. लहानपणी शाळेत 'नाटकी' हे माझं टोपणनाव होतं, कारण काल खेळत होते आणि आज उठता येत नाही. थंडी, पाणी कमी पिणं, जास्त दमणं, साधा ताप, यातलं काहीही निमित्त पुरतं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या एसएस बायकांचं काय होत असेल याचा विचार करा. पाळी उशिरा आली, त्यावरून घरात वेगळ्याच शंका. एसएस मुलामुलींची वाढ उशिरा होते, एवढी साधी गोष्ट कुणी आईला सांगितली नव्हती.

मी लग्न केलं. नवरा एए आहे, लग्नाआधी त्यानं स्वतःहून तपासून घेतलं. लोक म्हणाले, हिला मूल कसं होणार? झालं. गरोदरपण सोपं नव्हतं. रक्तदाब, दुखण्याचे झटके, दोनदा रक्त चढवलं, बाळ वजनानं कमी. ज्यांना मूल हवं आहे त्यांनी मोठ्या रुग्णालयात पहिल्या महिन्यापासून नाव घालावं, आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. ते औषध झटके खूप कमी करतं, मला त्यानंच माणसात आणलं, पण मूल हवं असताना ते बहुधा थांबवतात. पुरुषांनीही विचारावं, शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. आणि हे कुणी बोलत नाही म्हणून लिहिते: एसएस मुलांना, पुरुषांना कधी कधी लिंगाचा ताठरपणा तासन्‌तास न उतरण्याचा वेदनादायक त्रास होतो. लाजेनं घरी बसतात. चार तासांच्या वर गेलं तर ती तातडीची बाब आहे, थेट रुग्णालय गाठायचं. माझ्या भावानं लाजेपायी उशीर केला होता.

माझी मुलगी एएस आहे. असणारच, मी दुसरं काही देऊच शकत नव्हते. तिला आतापासून सांगतेय की तुझ्यात काही कमी नाही. तिच्या सोयरिकीच्या वेळी हा धागा कुणीतरी वर आणा.

पळसपान, २० जून, रात्री १०:४०

निळी_शाई, ___/\___

कोरडवाहू, २० जून, रात्री ११:०२

ताई, बहिणीले वाचायले दिलं हे.

टेम्सकाठ, २१ जून, पहाटे ३:२०

इंग्लंडमधून. इथे गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत सिकलसेल-थॅलेसेमियाची तपासणी पुढे केली जाते, आणि बाळ-बाळंतिणीच्या कुळाचा, म्हणजे पूर्वज कुठले याचा, एक अर्ज भरून घेतात. मी 'भारत' लिहिलं. बाईनं लगेच विचारलं, 'बाळाच्या बाबांचं काय?' मी थक्क. इथे आईचा रिपोर्ट वाहक आला की बापाला बोलावणं जातं, हा नेहमीचा शिरस्ता आहे. प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेतात त्यातही सिकलसेल बघतात. आपल्याकडे हे जन्मतःच झालं तर लग्नाच्या बैठकीत स्फोट होणार नाही.

सांजवात, २१ जून, सकाळी ८:३०

थोडं अवांतर. आमच्यात मामाची मुलगी करतात. त्यानं असे आजार होतात म्हणतात, खरं का?

विषमभुज, २१ जून, सकाळी ९:००

नात्यातल्या लग्नानं आजार तयार होत नाही, दडलेला असेल तर समोर येण्याची शक्यता वाढते. समजा, मुलगा एएस आहे आणि बदललेली प्रत त्याला आईकडून आली. मग आईचा भाऊ, म्हणजे मामा, वाहक असण्याची शक्यता निम्मी. मामाच्या मुलीची त्याच्या निम्मी, चारात एक. मामीकडून काही आलं तर ते वेगळं. बाहेरच्या मुलीपेक्षा हे जास्त असू शकतं. पण उत्तर तेच: दोघांचं रक्त तपासा. एए निघाली तर सिकलसेलपुरती काळजी मिटली.

धनेश, २१ जून, सकाळी १०:२०

यावरून आठवलं. न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू समाजात टे-सॅक्स नावाचा असाच दोन्हीकडून येणारा आजार होता, मुलं चार-पाच वर्षांत दगावायची. योसेफ एकस्टाइन या धर्मगुरूंची स्वतःची चार मुलं गेली. त्यांनी १९८३ मध्ये 'दोर येशोरिम' सुरू केलं. तिथे शाळेतल्या मुलामुलींचं रक्त घेतात, पण रिपोर्ट कुणालाच सांगत नाहीत, फक्त एक क्रमांक देतात. स्थळ आलं की दोन्ही क्रमांक कळवायचे. उत्तर एवढंच मिळतं: जोडी चालेल किंवा चालणार नाही. कोण वाहक हे बहुतेकांना कळतच नाही, त्यामुळे कुणावर शिक्का बसत नाही. तिथेही लग्न जुळवूनच होतात, म्हणून हे जमलं. आपल्याकडे लग्न जुळवूनच होतात की!

रानजाई, २१ जून, दुपारी २:१५

धनेश, हे वाचून मी बराच वेळ विचार केला. आवडलं, पण आपल्या कामाला पूर्ण नाही पुरणार. सिकलसेलमध्ये एसएस रुग्णाला स्वतःचं माहीत असायलाच हवं, त्याचं औषध, लसी, सवलती सगळं त्यावर अवलंबून. वाहकांपुरतं मात्र करता येईल. रिपोर्ट बापाच्या हातात न देता त्या मुलीच्या हातात द्यायचा, एवढं जरी झालं तरी पुष्कळ. आम्ही कार्ड घरी पाठवतो आणि ते कपाटात नाही, चावडीवर पोचतं.

दवबिंदू, २१ जून, दुपारी ४:०५

(स्त्रीरोगतज्ज्ञ आहे.) दोघं एएस असून लग्न झालंच असेल तर घाबरू नका, लवकर या. साधारण ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेचा तुकडा घेऊन गर्भाचा पॅटर्न, म्हणजे एए, एएस की एसएस, कळू शकतो. लोकांना वाटतं गर्भाची कुठलीही तपासणी म्हणजे गुन्हा. तसं नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानंच १९८८ मध्ये केला, देशाचा १९९४ मध्ये आला. त्या १९९४ च्या कायद्यानं सिकलसेल, थॅलेसेमियासारख्या हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी तपासणीला परवानगी दिलेली आहे. मनाई आहे ती लिंग सांगायला. रिपोर्ट एसएस आला तर पुढे काय करायचं हा निर्णय त्या बाईचा. माझ्याकडे काहींनी गर्भ ठेवला आहे, काहींनी नाही. वर निळी_शाई यांनी लिहिलंय ते वाचल्यावर कुणी 'असं मूल जन्मालाच कशाला' असं सरसकट म्हणू नये.

आणि अवकाळींच्या भामरागडच्या प्रश्नाला उत्तर: ही तपासणी मोजक्या शहरांत होते. नागपूरला येईपर्यंत आठवडे उलटलेले असतात. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य आहे. रक्त तपासणं त्या मानानं सोपं. त्यापुढची वाट बांधणं राहिलंय.

अवकाळी, २१ जून, संध्याकाळी ५:३०

मान्य. कायद्याचं मी मागे घेतो असं नाही, पण आधी वाट बांधा हे पटलं.

ओलेती_पायवाट, २२ जून, सकाळी ८:१०

नवीन सदस्य आहे, घाईत विचारतेय. माझा भाऊ एएस आहे. जिच्याशी जमतंय ती नागपूरची, आई सिंधी, वडील मराठी. तिची सोल्युबिलिटी (सिकलसेलची ती पहिली साधी चाचणी) निगेटिव्ह आली. म्हणजे झालं ना? पुढे जाऊ?

रानजाई, २२ जून, सकाळी ८:२५

थांबा. सोल्युबिलिटी फक्त 'एस' आहे की नाही एवढं सांगते, एएस की एसएस हेही ती सांगत नाही. ती निगेटिव्ह असूनही मुलगी थॅलेसेमियाची वाहक असू शकते. सिंधी समाजात ते प्रमाण बरंच आहे. भावाचा 'एस' आणि तिचा थॅलेसेमिया एका बाळात आले तर तोही सिकलसेलचाच आजार होतो, काही वेळा एसएसइतकाच त्रासदायक. तिची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करून घ्या, त्यात हिमोग्लोबिन ए-२ चं प्रमाण बघतात. सोबत साधा रक्तगणनेचा रिपोर्टही असू द्या. तिला अलीकडे रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबून करा, नाहीतर दात्याचं रक्त दिसेल.

दवबिंदू, २२ जून, सकाळी ८:५०

बरोबर. भावाचीही एचपीएलसी झालेली आहे ना, तेही बघा. फक्त सोल्युबिलिटीवर 'एएस' लिहिलेलं असेल तर ते धरू नका.

ओलेती_पायवाट, २२ जून, सकाळी ९:३०

भावाची एचपीएलसी आहे. तिला रक्त कधी चढवलेलं नाही. सोमवारी जाऊ. पण आता अडचण अशी की आई म्हणते, भावाचं एएस त्यांना सांगूच नको, तिची तपासणी 'असंच करून घ्या' म्हणून मागायची.

कोरडवाहू, २२ जून, सकाळी ९:४१

हेच ते!

रानजाई, २२ जून, सकाळी ९:५५

आईला सांगा, नेहमी मुलीचा रिपोर्ट मागतात आणि मुलाचा लपवतात, यावेळी उलट करा. भावानं स्वतः तिच्याशी बोलावं: माझा पॅटर्न एएस आहे, मला आजार नाही, तुझी एचपीएलसी केली की आपल्या दोघांना कळेल. त्याचा रिपोर्ट तिच्या हातात द्या, वडिलांच्या नको. तिला डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर दोघांनाच आत पाठवा, बाकी मंडळी बाहेर बसू देत. सोमवारी जाताना उपाशीपोटी जायची गरज नाही. रिपोर्ट यायला काही दिवस लागतील, तोवर साखरपुड्याचा हॉल ठरवू नका.